कॅमेऱ्यातला चित्रकार : दादासाहेब फाळके

छायाचित्र हुबेहूब असावे की चित्रासारखे दिसावे, हा वाद संगणकाने जन्माला घातलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी कुंचला आणि कॅमेरा या दोन्हींवर उदरनिर्वाह करणाऱ्या एका मराठी कलावंताला तो पदोपदी भेटत होता. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या जीवनाकडे या बाजूने पाहिले, तर भारतीय चित्रपटाच्या जनकाचे एक वेगळेच दर्शन घडते.

ठाणे : प्रतिनिधी

नवरात्र जवळ आले की टेंभी नाक्याचे रूप पालटते. दिवंगत आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवाचा मंडप उभा राहू लागतो आणि आजूबाजूला शुभेच्छांचे फलक झळकू लागतात. या फलकांवरील चेहरे ओळखीचे असतात, पण तसे प्रत्यक्षात कोणीच दिसत नाही. संगणकावर सुरकुत्या पुसलेल्या असतात, वर्ण उजळलेला असतो, डोक्यामागे सोनेरी ढग आणि त्यातून प्रकटलेली देवी असते. मूळचा फोटो बघता बघता कॅलेंडरवरील चित्र होऊन गेलेला असतो.

नवरात्राआधीच्या पंधरवड्यात, पितृपक्षात, अशाच कारागिरांकडे दुसरे एक काम येते. घरातील गेलेल्या माणसाचा जुना, ओल लागलेला फोटो मोठा करून हवा असतो. पडलेली घडी काढायची, डाग घालवायचा. मात्र गालावरचा तीळ राहिला पाहिजे आणि किंचित वाकडा दातही तसाच दिसला पाहिजे, असा घरच्यांचा आग्रह असतो. तो चेहरा सुंदर झाला आणि अनोळखी झाला, तर फोटो परत दिला जातो.

फोटोवर संगणकाने हात फिरवायचा तर तो खऱ्यासारखा ठेवावा की चित्रासारखा करावा, हा प्रश्न या दोन कामांमध्ये उभा आहे. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि तो घराघरांत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. २०१६ मध्ये ‘प्रिझ्मा’ने मोबाइलमधील फोटोला तैलचित्राचे रूप दिले, तर २०२५ मध्ये कौटुंबिक फोटोंना जपानी ॲनिमेशनचा साज चढविण्याची लाट आली. साधने नवी असली तरी प्रश्न जुनाच आहे. मराठी मुलखात त्याचा सर्वाधिक खोल अनुभव कोणी घेतला असेल, तर तो दादासाहेब फाळके यांनी.

त्र्यंबकेश्वर ते कलाभवन

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे दादासाहेबांचा जन्म झाला. घराणे शास्त्री-पंडितांचे. वडील गोविंदशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईत आले. पौरोहित्याच्या वातावरणात वाढलेल्या धुंडिराजाचा ओढा मात्र रंगांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंसमवेत ते बडोद्याला गेले आणि १८९० च्या सुमारास तेथील कलाभवनात दाखल झाले.

सयाजीराव महाराजांच्या राज्यातील हे कलाभवन केवळ चित्रकलेची शाळा नव्हते. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे कला आणि उद्योग यांची सांगड घातली जात होती. तेथे दादासाहेबांनी तैलरंग आणि जलरंग आत्मसात केले, मातीकाम केले, वास्तुरचनेचा अभ्यास केला. त्याच काळात त्यांनी कॅमेरा घेतला आणि काचा धुण्यापासून कागदावर छाप उमटवण्यापर्यंतची सर्व प्रक्रिया स्वतः करून पाहिली. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे गज्जरांनी त्यांना रतलामला धाडले. तेथे ते तिरंगी ब्लॉक आणि फोटोलिथो, म्हणजे छायाचित्राच्या साह्याने दगडावर प्रतिमा उतरवून छपाई करण्याचे तंत्र, शिकून आले.

चित्रकार आणि छायाचित्रकार या त्या काळी दोन वेगळ्या जाती मानल्या जात. दादासाहेब तारुण्यातच दोन्हींकडचे झाले.

काचेवरची पेन्सिल

शिक्षण संपवून त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. त्या काळचा स्टुडिओ म्हणजे अर्धे चित्रकाराचेच दालन असे. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर महालाचे खांब किंवा बगीचा, पुढे खुर्ची आणि फुलदाणी. काचेची निगेटिव्ह धुऊन वाळली की तिच्यावर रोगणाचा पातळ थर देऊन बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम सुरू होई. निगेटिव्हमध्ये काळे ते छापात पांढरे उमटते. त्यामुळे डोळ्यांखालच्या सावलीवर शिसाचे हलके ठिपके दिले की छापील फोटोत ती सावली उजळत असे. देवीचे व्रण, सुरकुत्या, कपाळावरच्या आठ्या अशाच नाहीशा होत. श्रीमंतांच्या फोटोंवर मग जलरंग किंवा तैलरंग चढत आणि तो फोटो भिंतीवर तसबिरीच्या तोऱ्यात मिरवे. आज फलकावर जे घडते, त्याचा हा पणजोबा.

विलायतेतही हा वाद तेव्हा पेटलेला होता. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य, रूपकात्मक छायाचित्र रचले आणि छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला असल्याचा दावा मांडला. १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन याने निसर्गनिष्ठ छायाचित्रणावर ग्रंथ लिहून अशा कृत्रिम जोडकामावर टीका केली. एका पक्षाला फोटोने चित्रासारखे व्हावे असे वाटे, तर दुसऱ्याला त्याने डोळ्यांना दिसते तेवढेच सांगावे असे वाटे.

गोध्र्याच्या तरुण छायाचित्रकारापुढे मात्र वेगळेच संकट उभे राहिले. १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. इतरांचे चेहरे काचेवर जपणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर रिकामे झाले. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ उघडला; पण कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो, फोटो काढल्याने आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरला होता. गिऱ्हाईक येईना. जिथे कॅमेऱ्याची अशी भीती वाटत होती, तिथे रंगांची मुळीच वाटत नव्हती. अखेर त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले.

या अपयशातून त्यांना एक गोष्ट उमगली असावी. कॅमेऱ्यातून उतरलेली प्रतिमा लोक खरी मानतात. म्हणूनच ते तिला भितात आणि म्हणूनच तिच्यापुढे हातही जोडू शकतात.

मोजमापाचा कॅमेरा, देवांचे छापखाने

याच सुमारास ते जादूचे प्रयोगही शिकले. पुढे आपल्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून ते प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर या सरस्वतीबाई फाळके झाल्या. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली.

या नोकरीतील कॅमेऱ्याचे काम स्टुडिओतील कामाच्या अगदी उलट होते. भग्न मूर्तीचे तुटलेले नाक फोटोत तुटलेलेच दिसले पाहिजे आणि शिलालेखातील पुसट अक्षर पुसटच राहिले पाहिजे. येथे पेन्सिलीचा एक ठिपकाही गुन्हा ठरावा. छायाचित्र म्हणजे साक्षीदाराची जबानी, हा धडा या नोकरीत कोणालाही मिळावा.

स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी १९०६ मध्ये ही सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना व ब्लॉक तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. शेजारी मळवली येथे राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला प्रसिद्ध छापखाना होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीस हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची रंगीत चित्रे घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचली होती. दादासाहेबांनी या छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम केले.

रविवर्म्यांच्या कलेचे रहस्य दादासाहेबांच्या या बैठकीला अगदी जवळचे होते. पारंपरिक चित्रांतील सपाट रंगांचे देव त्यांनी प्रकाश आणि छायेच्या साह्याने मांसल केले, त्यांना पदर, दागिने आणि डोळ्यांतील पाणी दिले. छायाचित्रात बसतील असे ते देव वाटत. पण त्यांचा फोटो कोणालाही काढता येणार नव्हता. चित्र फोटोसारखे दिसू लागले होते. फोटो चित्रासारखा व्हायचा बाकी होता.

पुढे हा छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे त्याचे नाव झाले. १९०९ मध्ये दादासाहेब रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. धंदा नावारूपास आला, पण भागीदारांशी बिनसले आणि आपणच वाढविलेल्या व्यवसायातून ते अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वय चाळिशी ओलांडलेले, हाती काही नाही.

वाटाण्याचे रोप

१९११ च्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि दादासाहेबांच्या नजरेसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या सरकत होती. त्यानंतरच्या काळात रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती बचावली. आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती पाहिली, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परतले.

भांडवलदाराला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी आधी एक छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने एकेका चौकटीत टिपली. पडद्यावर अंकुर जमिनीतून वर येतो, वेल चढते, असे काही क्षणांत दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्यातील प्रत्येक चौकट सत्य होती, तिच्यावर कुंचला फिरला नव्हता. पण अशी वाढ जगातील कोणत्याही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सत्याचे तुकडे जोडून चमत्कार घडविता येतो, याची ही पहिली कबुली होती. भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, ती धुणे, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक हा भार त्यांनी उचलला.

वांगणीचे दरोडेखोर

‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण दादरच्या बंगल्यात आणि बाहेर झाले. बाह्यचित्रणासाठी निवडलेल्या ठिकाणांपैकी एक होते आजच्या ठाणे जिल्ह्यातील, कर्जतच्या वाटेवरचे वांगणी. तेथली हकीकत चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. मंडळी दादासाहेबांच्या आधी गावात पोहोचली. ढाली, तलवारी, मुकुट असा सरंजाम पाहून गावकऱ्यांना हे दरोडेखोरच वाटले आणि नटमंडळी पोलिसांच्या ताब्यात गेली. दादासाहेब येऊन पोहोचल्यावर त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, चित्रण कसे होते ते समजावले, तेव्हा कुठे सुटका झाली. लाकडी तलवार खरी वाटणे हे पडद्यावर यश असते आणि गावाच्या वेशीवर अपराध. वस्तू तीच, पण पाहणाऱ्याला ती काय म्हणून दाखवली यावर सारे अवलंबून, हा दाखला वांगणीने दिला.

चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले, हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके झाले आणि रोहिदास दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. नटांची वेशभूषा, उभे राहण्याची ढब, चौकटीची मांडणी यांवर रविवर्म्यांच्या चित्रांची छाप स्पष्ट आहे. त्याच वेळी पाणी खरे आहे, झाडे खरी आहेत, ऊन खरे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला आणि भारतीय कथापटाचा इतिहास सुरू झाला.

पडद्यावरचा देव

चित्रपटाच्या शेवटी शंकर प्रकट होतो. आज यासाठी संगणकावर दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवाव्या लागतात. दादासाहेबांजवळ केवळ कॅमेरा होता. चित्रण थांबवायचे, इतर नटांनी श्वास रोखून तसेच उभे राहायचे, देवाची भूमिका करणाऱ्याने जागेवर येऊन उभे राहायचे आणि पुन्हा हँडल फिरवायचे; किंवा फिल्म मागे घेऊन तिच्यावरच दुसरी प्रतिमा उमटवायची. एका हाताचा कंप झाला तरी देवाचे भूत व्हायचे. जादूगार केळफाचा हात, चित्रकाराची नजर आणि छायाचित्रकाराचे रसायनांचे ज्ञान या ठिकाणी एकत्र आले.

१९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये हे कसब बहरले. साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमान आकाशात झेपावला, लंका जळली. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत, असे सांगितले जाते. रविवर्म्यांच्या चित्रापुढे जुळणारे हात आता हलत्या छायाचित्रापुढे जुळले होते.

येथेच खरा पेच आहे. भोळ्या माणसाची श्रद्धा आणि कॅमेऱ्याची साक्ष यांचा दादासाहेबांनी गैरफायदा घेतला, असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच वर्षी त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक माहितीपट केला. त्यात ते स्वतः पडद्यावर दिसतात, नटांना सूचना देतात, फिल्म तपासतात. ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. ज्या हाताने जादू केली, त्याच हाताने त्यांनी जादूची पेटीही उघडून दाखवली.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात या दृष्टीने मुद्दाम पाहावी. सात वर्षांची मंदाकिनी, दादासाहेबांची कन्या, कृष्णाच्या भूमिकेत आहे. कथेला आरंभ होण्यापूर्वी ती आधी एक लहान मुलगी म्हणून पडद्यावर येते. राग, हसू, भीती असे चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिच्याच चेहऱ्यातून कृष्ण साकारतो. ही माझी मुलगी, आता हिला देव म्हणून पाहा, असा तो प्रेक्षकांशी केलेला करार आहे. त्यानंतर कृष्ण डोहात उडी घेतो, नागाशी झुंजतो, फणीवर नाचतो. कोणाची फसवणूक होत नाही आणि कोणाचा आनंदही उणावत नाही. संपादित छायाचित्रावरील साऱ्या वादाला यापेक्षा स्वच्छ उत्तर शोधून सापडणार नाही.

काळ पुढे गेला

या यशाच्या मागोमाग उतरण आली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले आणि ते काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुढे पुन्हा कंपनीत परतले. तोपर्यंत कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले होते. तेही मूळचे चित्रकारच. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्या दृश्यावर आक्षेप घेतला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. प्रेक्षकाला आता आपल्या घरचा चेहरा पडद्यावर हवा होता.

१९३२ मध्ये अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी एकत्र येऊन चित्राची नक्कल न करणाऱ्या, लख्ख आणि रेखीव छायाचित्रणाचा पुरस्कार केला. त्याच वर्षी नाशिकच्या या जादूगाराचा अखेरचा मूकपट ‘सेतुबंधन’ आला. बोलपटांच्या गलबल्यात त्याचा आवाज पोहोचला नाही. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी केला. नंतर कॅमेरा त्यांच्या हाती आला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी उभा केलेला धंदा त्यांना जवळपास विसरला होता. १९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आले आहे.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडे उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चे जे भाग पाहायला मिळतात, तेही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. पुरातत्त्व खात्यात भग्न वस्तूंचे फोटो काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे काम आज भग्नावस्थेत आहे. ते जपणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न आहे. ओरखडे काढावेत, पण किती? चौकट स्थिर करावी, पण मूळचा कंप पुसावा काय? जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढविण्याच्या आजच्या हौसेत हा विवेक सुटण्याची भीती मोठी आहे.

टेंभी नाक्यावरचा फलक आणि पितृपक्षातला फोटो यांच्याकडे पुन्हा वळले, तर दादासाहेबांचे आयुष्य दोन्हींना जागा देते. उत्सवाच्या फलकावर ढगांतून देवी प्रकटली म्हणून कोणी फसत नाही. ते चित्र आहे, हे येणारा-जाणारा जाणतो. मात्र त्याच फलकावर एखाद्या कार्यक्रमाला नसलेली गर्दी जोडली किंवा न झालेली भेट दाखवली, तर ती पुरातत्त्वाच्या फोटोत मूर्तीला नवे नाक बसविण्याइतकीच खोटी ठरते. आणि भिंतीवरच्या आईच्या गालावरचा तीळ पुसण्याचा अधिकार कोणत्याही कारागिराला नाही. गोध्र्याच्या स्टुडिओत काचेवर पेन्सिल टेकविताना तरुण धुंडिराजाला हा तीळ रोज भेटत असणार. पुढे स्वतःच्या मुलीचा देव करतानाही त्यांनी आधी तिचा खरा चेहरा लोकांना दाखविला.